जीपीए ३.३, ॲनाटॉमीत सी मायनस आणि डीपीटीचं ॲडमिशन

प्रश्न थोडक्यात असा आहे: मुलगी अमेरिकेत किनेसिऑलॉजीच्या (शरीराच्या हालचालींचं शास्त्र) तिसऱ्या वर्षाला आहे, जीपीए ३.३, ॲनाटॉमी-फिजिऑलॉजीच्या पहिल्या कोर्सला सी मायनस पडलाय, ऑब्झर्वेशनचे, म्हणजे थेरपिस्टचं काम शेजारी राहून बघण्याचे, ६० तास झालेत पण सगळे एकाच आउटपेशंट क्लिनिकमध्ये, जीआरई दिलेली नाही, घरी खर्चाची काळजी, ओळखीचे एक काका सांगतायत की फिजिकल थेरपीला मास्टर्स पुरतं, आणि तिला विचारायचंय की ताई, येत्या जूनमध्ये डीपीटीचा, म्हणजे डॉक्टर ऑफ फिजिकल थेरपी या डिग्रीचा, फॉर्म भरू का, की हा नाद सोडून दुसरं काही बघू.

नाद सोडू नकोस. पण येत्या जूनमध्ये फॉर्मही भरू नकोस, पुढच्या जूनमध्ये भर. मी सतरा वर्षं इथे पीटी, म्हणजे फिजिकल थेरपिस्ट, म्हणून काम करतेय, आधी ऑर्थो क्लिनिकमध्ये आणि आता हॉस्पिटलमध्ये, स्टुडंट्स माझ्याकडे क्लिनिकल ट्रेनिंगला येतात, आणि गेली काही वर्षं जवळच्या एका प्रोग्रामच्या इंटरव्ह्यू पॅनलवर मी बसते. माझं स्वतःचं पहिल्या वर्षी कुठेच झालं नव्हतं. त्यामुळे एक वर्ष थांब असं सांगताना ते ऐकायला कसं वाटतं ते मला चांगलं माहितीये, रात्री आईला फोन करून रडले होते मी. तरी सांगते, थांब.

आधी काकांचं बघू. त्यांची माहिती जुनी आहे, चुकीची म्हणता येणार नाही कारण एके काळी खरंच मास्टर्स पुरायचं. क्रेटन युनिव्हर्सिटीने १९९३ मध्ये पहिला एन्ट्री लेव्हल डीपीटी सुरू केला, मग हळूहळू सगळे तिकडे वळले, आणि कॅपटीने, म्हणजे प्रोग्राम्सना मान्यता देणाऱ्या कमिशनने, २०१५ संपेपर्यंत सगळ्यांनी डॉक्टरेटच द्यायची असं बंधन घातलं. म्हणजे आता नव्याने पीटी व्हायचं तर डीपीटी, साधारण तीन वर्षं, त्यात कमीत कमी ३० आठवडे फुल टाइम क्लिनिकल, आणि मग एनपीटीई ही लायसन्सची परीक्षा, जिचा स्कोअर २०० ते ८०० मध्ये असतो आणि पास व्हायला ६०० लागतात. ज्यांच्याकडे मास्टर्स किंवा बॅचलर्स आहे ते जुने पीटी अजूनही त्याच लायसन्सवर काम करतात, त्यातले कित्येक माझ्यापेक्षा जास्त जाणतात, पण तुझ्यासाठी तो रस्ता आता नाहीये.

आता मार्कांचं. बहुतेक प्रोग्राम्स किमान ३.० मागतात, पण किमान म्हणजे फॉर्म कचऱ्यात जात नाही एवढंच, प्रत्यक्षात जे वर्ग भरतात त्यांची सरासरी ३.५ च्या आसपास किंवा वर असते. तुझा ३.३ म्हणजे दार बंद नाही, अर्धवट उघडं आहे. खरी अडचण सी मायनसची आहे. जवळपास सगळीकडे प्रीरेक्विझिटला, म्हणजे ॲडमिशनआधी पूर्ण असावे लागणाऱ्या कोर्सना, सी किंवा वर लागतो, काही ठिकाणी बी, सी मायनस चालत नाही, आणि तोही नेमका ॲनाटॉमी-फिजिऑलॉजीत, जो आमच्या धंद्याचा पाया आहे. इतिहासात सी मायनस असता तर मी थांब म्हटलं नसतं. पहिल्या सेमिस्टरला ग्रॉस ॲनाटॉमी असते, कॅडेव्हर लॅब म्हणजे मृतदेहावर शिकणं, आठवड्याला नुसत्या स्नायूंची नावं, उगम, कुठे जोडलाय, कुठली नर्व्ह, याच्या ढिगाने याद्या, आणि प्रॅक्टिकलला पिन टोचलेला असतो तिथे उभं राहून मिनिटभरात लिहायचं. जी मुलं सोडून जातात त्यातली बरीचशी तिथेच अडकतात, त्यामुळे कमिटी तो एक मार्क भिंगातून बघते. ही मुलगी तीन वर्षं टिकेल का, एवढाच त्यांचा प्रश्न असतो.

मग तो कोर्स परत घे, पण हिशोब समजून घे. पीटीकॅस म्हणजे ज्या सेंट्रल पोर्टलवरून तू फॉर्म भरशील ते, तिथे जुना ग्रेड पुसला जात नाही. तुझ्या कॉलेजने रिप्लेस केला असेल तरी पीटीकॅस दोन्ही मोजतं. समज चार क्रेडिटचा कोर्स, सी मायनस म्हणजे १.७, तर झाले ६.८ पॉइंट. परत घेऊन ए मिळवलास तर १६ पॉइंट. आठ क्रेडिटला २२.८, म्हणजे त्या विषयाचा २.८५. ए मिळवूनही बीपेक्षा कमी! पोरी हे बघून हिरमुसतात, मग विचारतात की फायदा काय. फायदा हा की बरेच प्रोग्राम्स स्वतःचा हिशोब वेगळा करतात, काही जण प्रीरेक्विझिटला फक्त नवा ग्रेड धरतात, काही जण शेवटचे ६० क्रेडिट वेगळे बघतात, आणि कागद वाचणाऱ्या माणसाला आधी सी मायनस नंतर ए दिसतो तेव्हा एक गोष्ट कळते की हिला अभ्यास करता येतो. मात्र बी मायनस आणलास तर काहीच सिद्ध होत नाही, म्हणून ज्या सेमिस्टरला परत घेशील तेव्हा बाकीचा भार हलका ठेव, नोकरीचे तास कमी कर, तो एक कोर्स नीट कर.

एकूण जीपीए किती हलेल तेही बघ म्हणजे खोटी आशा राहणार नाही. तुझे आत्ता समज ९० क्रेडिट झालेत, ३.३ ने २९७ पॉइंट. पुढचे ३० क्रेडिट तू ३.९ ने केलेस तर ११७ अजून, एकूण ४१४, भागिले १२०, म्हणजे ३.४५. एवढंच. पण जूनमध्ये भरलेल्या फॉर्ममध्ये ३.३ आणि न सुधारलेला सी मायनस दिसेल, आणि वर्षभर थांबून भरलेल्या फॉर्ममध्ये ३.४५, ॲनाटॉमीत ए, आणि शेवटचं वर्ष जवळपास सगळं ए. हे दोन वेगळे अर्ज आहेत.

बाकी प्रीरेक्विझिट तुला माहितीच असतील: ॲनाटॉमी-फिजिऑलॉजी दोन्ही भाग लॅबसकट, बायोलॉजी, जनरल केमिस्ट्री दोन, फिजिक्स दोन (कॅल्क्युलसवालं लागत नाही सहसा), स्टॅटिस्टिक्स, सायकॉलॉजी. कुठे एक्सरसाइज फिजिऑलॉजी मागतात, कुठे डेव्हलपमेंटल किंवा ॲबनॉर्मल सायकॉलॉजी. प्रत्येक प्रोग्रामचं वेगळं असतं, एक एक्सेल शीट कर आणि त्यांच्या वेबसाइटवरून भर, मैत्रिणीच्या शीटवरून उतरवू नकोस. कम्युनिटी कॉलेजला घेतलेला कोर्स चालतो का, ऑनलाइन लॅब चालते का, कोर्स किती वर्षांत झालेला असावा, हे तीन कॉलम नक्की ठेव.

आता ज्यावर मला सगळ्यात जास्त बोलायचंय ते म्हणजे ऑब्झर्वेशन. मुलं याला तास जमवणं म्हणतात, तो शब्दच मला खटकतो. तुझे ६० तास आकड्याने वाईट नाहीत, काही प्रोग्राम्सना तेवढेही लागत नाहीत, काहींना शंभरच्या पुढे लागतात. पण एकाच क्लिनिकमध्ये ६० तास म्हणजे तू गुडघे, खांदे आणि कंबर बघितलीस, तेही अशी माणसं जी स्वतः गाडी चालवत आली, कॅलेंडरवर अपॉइंटमेंट टाकून आली. पीटी म्हणजे तेवढंच नाही गं. पीटी म्हणजे आयसीयूत व्हेंटिलेटरवरच्या माणसाला पलंगाच्या कडेवर बसवणं, स्ट्रोकनंतर एक बाजू हलत नसलेल्या माणसाला व्हीलचेअरमधून टॉयलेटवर कसं जायचं ते शिकवणं, सेरेब्रल पाल्सी असलेल्या तीन वर्षांच्या पोराबरोबर जमिनीवर लोळणं, नर्सिंग होममध्ये आज नको म्हणणाऱ्या आजोबांना चार पावलं चालायला राजी करणं. यातलं काहीच न बघता तीन वर्षं आणि एवढे पैसे कसे काय टाकायचे? मी हे ॲडमिशनसाठी म्हणत नाहीये, तुझ्यासाठी म्हणतेय. हॉस्पिटलमधला वास, लघवीची पिशवी, रडणारे नातेवाईक, हे बघून तुला तिथेच थांबावंसं वाटतं की बाहेर पळावंसं वाटतं, ते आत्ता कळलं तर बरं.

एक प्रसंग सांगते. माझ्याकडे हॉस्पिटलमध्ये एक मुलगा शॅडोइंगला, म्हणजे काम बघायला, आला होता. पेशंट सत्तरीतल्या बाई, हिप फ्रॅक्चरचं ऑपरेशन होऊन दुसरा दिवस, पहिल्यांदाच बसवायचं होतं. मी झोपलेल्या स्थितीत बीपी घेतलं, १३२, चांगलं. कॅथेटरची पिशवी योग्य बाजूला घेतली, आयव्हीच्या नळीला ढील दिली, कमरेला धरायचा गेट बेल्ट बांधला, आणि हळूहळू बाईंना पलंगाच्या कडेवर आणलं. माझं सगळं लक्ष त्यांच्या ऑपरेशनच्या पायाकडे होतं कारण त्या दुखतंय दुखतंय म्हणत होत्या, आणि वॉकर मी पुढे ओढलेला होता, आता उभं करायचं. तो मुलगा कोपऱ्यात भिंतीला टेकून उभा, अर्धा तास तोंडातून शब्द नाही. अचानक हळू आवाजात म्हणाला, त्यांचे ओठ पांढरे पडलेत. मी मान वर केली. कपाळावर घाम, डोळे कुठेतरी लांब. लगेच परत आडवं केलं, पाय वर घेतले, बीपी ८८. पाच-सात मिनिटांत रंग परत आला, नर्सला कळवलं, आणि त्या दिवशी तेवढ्यावरच थांबलो.

बाहेर कॉरिडॉरमध्ये आल्यावर त्याने दोन प्रश्न विचारले. एक, उभं केलं असतं तर काय झालं असतं. दुसरा, उद्या तुम्ही वेगळं काय कराल. मी सांगितलं की उद्या बसवण्याआधी पलंगातच घोट्याचे पंप करून घेणार, डोक्याकडचा भाग टप्प्याटप्प्याने वर करणार, बसल्यावर परत बीपी घेणार आणि ते बघूनच वॉकरला हात लावणार. त्याने ते वहीत लिहून घेतलं. दुसऱ्या दिवशी तो सुट्टी असून आला, त्या बाई कशा उभ्या राहतात ते बघायला. त्या मुलाचं रेफरन्स लेटर लिहायला मला वीस मिनिटं लागली. आणि असेही स्टुडंट असतात जे शंभर तास खुर्चीत बसून फोन बघतात आणि शेवटच्या दिवशी सहीला फॉर्म पुढे करतात, त्यांच्याबद्दल मी काय लिहू, वेळेवर यायचे असं? तेवढंच खरं असतं, म्हणून तेवढंच लिहिते.

म्हणून वही ठेव. प्रत्येक दिवसाचं थोडंसं लिही, काय बघितलं, थेरपिस्टने काय ठरवलं आणि का, तुला काय कळलं नाही. पेशंटचं नाव, जन्मतारीख, खोली नंबर, असलं काहीही लिहायचं नाही, ते हिपाचं, म्हणजे पेशंटच्या माहितीच्या गोपनीयतेच्या कायद्याचं, उल्लंघन आहे आणि त्यावरून शॅडोइंग तिथल्या तिथे बंद होऊ शकतं. थेरपिस्टला प्रश्न विचारायचे पण पेशंटसमोर नाही, खोलीबाहेर आल्यावर. आणि तास त्याच आठवड्यात पीटीकॅसच्या किंवा प्रोग्रामच्या फॉर्मवर सही करून घ्यायचे, सहा महिन्यांनी त्या थेरपिस्टने नोकरी बदललेली असते, माझ्याच एका स्टुडंटचे ४० तास असे गेले, सही करायला कोणी उरलंच नव्हतं. सही फिजिकल थेरपिस्टचीच लागते, पीटीए (असिस्टंट) किंवा टेकची (मदतनीस) सहसा चालत नाही.

आणि थांबायचंच आहे तर त्या वर्षात रिहॅब टेकची नोकरी धर. पगार कमी असतो, काम म्हणजे बेड पुसणं, बर्फाच्या पिशव्या, व्हीलचेअर ढकलणं, पेशंटला व्यायाम मोजून देणं, पण आठ-आठ तास तू थेरपिस्टच्या शेजारी असतेस. माझं पहिल्या वर्षी झालं नाही तेव्हा मी हेच केलं, आणि दुसऱ्या वर्षी इंटरव्ह्यूला बसले तेव्हा पहिल्यांदा माझ्याकडे सांगायला काहीतरी होतं. पहिल्या वर्षीचा माझा निबंध आता वाचला तर त्यात एकही पेशंट नाही. सगळा निबंध माझ्याबद्दल.

तर आता निबंधाकडे येऊ. पीटीकॅसमध्ये स्पेस धरून ४५०० कॅरेक्टर्स मिळतात, म्हणजे जेमतेम दीड पान, आणि तोच निबंध तू निवडलेल्या सगळ्या प्रोग्राम्सना जातो, त्यामुळे त्यात एका युनिव्हर्सिटीचं नाव घालू नकोस, दर वर्षी कोणीतरी घालतं. विषय तेच देतात आणि तो मधून मधून बदलतो, आधी तो नीट वाच आणि त्याचंच उत्तर दे. मी वाचते त्यातले निम्म्याहून जास्त निबंध असे सुरू होतात की हायस्कूलमध्ये सॉकर खेळताना माझं गुडघ्यातलं एसीएल लिगामेंट फाटलं आणि मग एका थेरपिस्टने मला परत उभं केलं. ते खरं असतं, त्यांच्यासाठी मोठं असतं, मला त्याचा अनादर नाही, पण पेशंट असण्याने पीटीचं काम कळत नाही. तुझ्याबाबत असं काही झालं असेल तर दोन ओळीत सांग आणि पुढे जा. वहीतला एक पेशंट घे, एकच, त्या दिवशी काय घडलं ते जवळून लिही, थेरपिस्टने कुठला निर्णय घेतला आणि त्यावर तुझं डोकं कसं चाललं. सी मायनसबद्दलही निबंधात लिहायचं असेल तर एक-दोन वाक्यांत, कारण काय आणि मी काय बदललं, बस. प्रोफेसर कडक होते, मी आजारी होते, वगैरे काढू नकोस. आणि एआयकडून लिहून घेऊ नकोस, एकतर तसं लिहिलेलं नाही अशी कबुली फॉर्ममध्ये द्यावी लागते आणि दुसरं म्हणजे इंटरव्ह्यूला आम्ही निबंधातलंच विचारतो, तेव्हा जो पेशंट तू बघितलाच नाहीस त्याच्याबद्दल तू काय बोलणार.

रेफरन्स चारपर्यंत देता येतात. एक पीटी, एक सायन्सचे प्रोफेसर, हे बहुतेक सगळीकडे लागतातच. घरच्यांचं किंवा घरोब्यातल्यांचं चालत नाही, म्हणजे आईच्या मैत्रिणीचा मुलगा पीटी असला तरी नको. प्रोफेसरकडे आत्तापासून ऑफिस अवर्सना जा, आणि मला विचारशील तर ज्यांच्याकडे तू ॲनाटॉमी परत घेशील आणि ए आणशील त्यांच्याकडूनच घे, त्यांनी लिहिलं की ही मुलगी पहिल्यांदा घसरली आणि नंतर अशी अशी शिकली, तर ते दुसऱ्या कोणाच्याही लेटरपेक्षा जड जातं. विचारताना असं विचार की तुम्हाला माझ्याबद्दल चांगलं लेटर लिहिता येईल का, आणि ते अडखळले तर थँक्यू म्हणून दुसरीकडे जा. सहा आठवडे तरी द्यायचे. ईमेल पीटीकॅसकडून जाते आणि कित्येकदा स्पॅममध्ये पडते, ते सांगून ठेव.

जीआरईबद्दल लगेच सांगते कारण त्यावर मुलं उगीच महिने घालवतात. पुष्कळ प्रोग्राम्सनी ती काढून टाकलीये. तुझी यादी कर, त्यात दोन-तीनच ठिकाणी लागत असेल आणि ती ठिकाणं तुला तेवढी महत्त्वाची नसतील तर देऊ नकोस, तो वेळ ॲनाटॉमीला दे. जीपीए कमी आहे म्हणून जीआरईने भरून काढीन हा हिशोब फार चालत नाही. कॅस्पर नावाची एक परीक्षा काही जण मागतात, प्रसंग देऊन तू काय करशील असं विचारतात, तिच्या तारखा आधी बघून ठेव, शेवटच्या क्षणी सुचते सगळ्यांना.

फॉर्म भरायची वेळ. पीटीकॅस जूनच्या मध्यावर उघडतं आणि बरेच प्रोग्राम्स रोलिंग ॲडमिशन करतात, म्हणजे डेडलाइन ऑक्टोबर-नोव्हेंबर लिहिलेली असली तरी जागा ऑगस्टपासूनच जायला लागतात. माझ्या बघण्यात चांगली मुलं नुसत्या उशिरापायी वेटलिस्टवर गेलीत. त्यामुळे जुलै संपायच्या आत सबमिट. ट्रान्सक्रिप्ट प्रत्येक कॉलेजमधून मागवायचे, प्रत्येक म्हणजे प्रत्येक, हायस्कूलमध्ये असताना कम्युनिटी कॉलेजचा एखादा ड्युअल एन्रोलमेंट कोर्स केला असशील तर तिथूनही. कोर्सची नावं, क्रेडिट आणि ग्रेड ट्रान्सक्रिप्टवर आहेत तशीच्या तशी टाइप करायची, आठवणीतून नाही, एक चूक झाली की अर्ज परत येतो आणि व्हेरिफिकेशनचे आठवडे नव्याने मोजायचे.

किती ठिकाणी? मान्यताप्राप्त प्रोग्राम्स तीनशेच्या आसपास आहेत, तू आठ-दहा निवड, आणि निवडताना नावाकडे बघू नकोस. कुठून डीपीटी केलीस हे पेशंट विचारत नाही, नोकरी देणारेही फारसे विचारत नाहीत, लायसन्स सगळ्यांचं एकच असतं. मी काय बघते सांगू? कॅपटीच्या नियमाने प्रत्येक प्रोग्रामला किती टक्के मुलं पूर्ण करतात, किती जण लायसन्स परीक्षा पास होतात आणि किती जणांना नोकरी लागते ते वेबसाइटवर टाकावंच लागतं, शिवाय खर्चाचं फायनान्शियल फॅक्ट शीटही. लायसन्सचा अंतिम पास रेट दोन वर्षांच्या सरासरीने किमान ८५ टक्के असावा लागतो, तर जो प्रोग्राम त्या रेषेला घासून चाललाय तिथे मी भाचीला पाठवणार नाही. पूर्ण करणाऱ्यांचा आकडा तर जास्तच बारकाईने बघ, कारण पहिल्या वर्षी मुलं गळली तर पास रेट आपोआप सुंदर दिसतो. नवीन प्रोग्राम असेल तर मान्यता पूर्ण मिळालीये की अजून कॅन्डिडसी, म्हणजे मान्यतेआधीचा टप्पा, आहे तेही बघ, कॅन्डिडसी म्हणजे शेवटी मान्यता मिळेलच याची हमी नाही, आणि नाही मिळाली तर लायसन्सचं अवघड होऊन बसतं.

पैशांचं, आईबाबांना दाखवायला. ब्युरो ऑफ लेबर स्टॅटिस्टिक्सच्या मे २०२४ च्या आकड्यानुसार पीटीचा मधला वार्षिक पगार १,०१,०२० डॉलर आहे. चांगला आहे, पण डॉक्टरचा नाही, आणि दर वर्षी भराभर वाढतही नाही. समज दीड लाख डॉलर कर्ज, ८ टक्के व्याज, दहा वर्षं, तर महिन्याचा हप्ता साधारण १,८२० डॉलर बसतो. कर कापून हातात येणाऱ्या पगारातून हे दहा वर्षं द्यायचं. म्हणून ७० हजारांचा स्टेट प्रोग्राम आणि दीड लाखाचा प्रायव्हेट प्रोग्राम दोन्हीकडून होकार आला तर माझ्या मते विचार करायचं काही कारणच नाही, स्टेटला जा, भले तो गावाकडे असो. आणि कर्जाचे नियम बदललेत ते समजून घे: जुलै २०२५ च्या कायद्याने ग्रॅड प्लस हे फेडरल लोन १ जुलै २०२६ पासून नवीन विद्यार्थ्यांना बंद होतं, आणि फेडरल कर्जाला ग्रॅज्युएट वर्गासाठी वर्षाला २०,५०० आणि एकूण १ लाख डॉलर अशी मर्यादा येते, प्रोफेशनल वर्गासाठी वर्षाला ५० हजार आणि एकूण २ लाख. डीपीटीला यातली कुठली मर्यादा लागू होते ते प्रत्येक प्रोग्रामच्या फायनान्शियल एड ऑफिसकडून ईमेलवर घे, फोनवर नको. फरक पडला तर मधली रक्कम प्रायव्हेट लोनने किंवा घरून उभी करावी लागेल, आणि ते बाबांना आत्ता माहीत असलं पाहिजे, होकाराचं पत्र हातात आल्यावर नाही.

इंटरव्ह्यूबद्दल थोडंच. आम्ही फार हुशार उत्तरं शोधत नसतो. मला लोकांना मदत करायला आवडतं असं सगळेच म्हणतात, मग मी विचारते की मग नर्सिंग का नाही, ओटी म्हणजे ऑक्युपेशनल थेरपी का नाही, आणि तिथे ज्याने हॉस्पिटलमध्ये पीटी आणि ओटी दोघांना एकाच पेशंटबरोबर काम करताना बघितलंय तो सहज बोलतो आणि ज्याने नाही बघितलं तो घोकलेली व्याख्या सांगतो. पेशंटने व्यायाम केलेच नाहीत तर काय कराल, ग्रुपमध्ये कोणाशी पटलं नाही तेव्हा काय केलंत, सी मायनस का पडला, हे विचारतील. शेवटच्याचं उत्तर शांतपणे, खरं खरं द्यायचं. ग्रुप ॲक्टिव्हिटी असते तेव्हा सगळ्यात जास्त बोलणारा निवडला जातो असं वाटतं मुलांना, मी मात्र गप्प बसलेल्याला कोण आत ओढून घेतं ते बघत असते.

भारतातून बीपीटीएच, म्हणजे फिजिओथेरपीची पदवी, करून आलेले बरेच जण असल्या प्रश्नांखाली विचारतात म्हणून मध्येच सांगून टाकते, तुम्हाला हा सगळा खटाटोप बहुतेक करावा लागत नाही. तुमचा रस्ता म्हणजे एफसीसीपीटीसारख्या संस्थेकडून डिग्रीचं मूल्यमापन, जे कमी पडेल ते कोर्स पूर्ण करणं, इंग्लिशची परीक्षा, आणि मग स्टेटच्या परवानगीने एनपीटीई. पूर्ण एन्ट्री लेव्हल डीपीटी परत करायची गरज आहे का ते आधी मूल्यमापन करून बघा, मग पैसे भरा.

आता तू या आठवड्यात काय करायचं ते. जवळच्या दोन-तीन हॉस्पिटल्सच्या व्हॉलंटियर ऑफिसला आणि रिहॅब मॅनेजरला ईमेल कर, अक्यूट केअर किंवा इनपेशंट रिहॅबमध्ये शॅडोइंग हवंय, आठवड्याला चार तास, सेमिस्टरभर. एक पेडियाट्रिकचं ठिकाण वेगळं शोध. हॉस्पिटलवाले लगेच आत घेत नाहीत, लसींचे कागद, फ्लू शॉट, हिपाचं ऑनलाइन ट्रेनिंग आणि टीबी टेस्ट मागतात, त्यात महिना सहज जातो, म्हणून हे सगळं होकाराची वाट न बघता आधीच करून ठेव. टीबीची स्किन टेस्ट सोमवारी किंवा मंगळवारी कर. ती ४८ ते ७२ तासांत परत जाऊन दाखवावी लागते, गुरुवारी केलीस तर वाचायची वेळ शनिवार-रविवारी येते, स्टुडंट हेल्थ बंद असतं, आणि परत पहिल्यापासून टोचून घ्यावं लागतं.